देवळालीचा ताप आणि एक कडू पेला

गेल्या माघांत एके दिवशीं संध्याकाळीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं, देवळाली कँपांत, जाण्याचा योग आला. हा विद्यार्थी इतिहासांत पदवी घेऊन पुढें भलत्याच व्यवसायांत शिरला व त्यांत त्याचें बरें चाललें आहे. परंतु इतिहासाची खोड कांहीं सुटलेली नाहीं. आणि म्हणून वर्षांतून दोनतीनदां तरी तो मला बोलावून घेतो व एखादा वाद उकरून काढतो. त्या दिवशीं वादासाठीं त्यानें जी वस्तु पुढें ठेविली ती पाहून मी थोडा चपापलों. ती एक तपकिरी कांचेची बाटली होती. पुण्याच्या बाजूस एका लहानशा कारखान्यांत तयार झालेली बिअर तींत होती आणि बाटलीवर ‘इंडिया पेल एल’ असें नांव छापलेलें होतें.

“सर, निदान नांव तरी वाचा,” तो म्हणाला. “आपल्या देशाचें नांव घेऊन जगभर विकलें जाणारें असें दुसरें मद्य नाहीं. तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक. तुम्हांला याची चव ठाऊक नसावी हें बरें दिसत नाहीं.”

आमच्या घरांत मद्य कधीं आलें नाहीं. माझे आजोबा नाशिकच्या एका शाळेंत शिक्षक होते आणि १९३० सालच्या चळवळींत त्यांनीं दारूच्या दुकानापुढें पिकेटिंग केलें होतें. त्या वेळीं घेतलेली मद्यत्यागाची शपथ त्यांनीं मरेपर्यंत पाळली. वडिलांनीं ती कांहीं न बोलतां पाळली, आणि मीं ती कसलाहि विचार न करतां पाळली. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यांत हा प्रश्न माझ्यापुढें खरोखर कधीं उभाच राहिला नव्हता. तो त्या दिवशीं राहिला. विद्यार्थ्यानें पेला भरला. मीं तो तसाच राहूं दिला आणि वेळ काढण्यासाठीं बाटलीवरचें लेबल वाचूं लागलों.

लेबलावर चार ओळींत त्या पेयाची कुळकथा दिलेली होती. ती अशी: हिंदुस्थानांतील इंग्रजांस बिअर हवी असे, परंतु सहा महिन्यांच्या जलप्रवासांत ती नासून जाई. तेव्हां लंडनच्या हॉजसन नांवाच्या एका कल्पक कारखानदारानें हॉपचीं फुलें जास्त घालून व मद्यार्क वाढवून प्रवासांत टिकेल अशी एक नवीच बिअर शोधून काढली. तीच ही इंडिया पेल एल. कथा सुटसुटीत आहे, आणि अशा सुटसुटीत कथांविषयीं इतिहासाच्या शिक्षकास जी अढी असते ती मला तत्काळ जाणवली. मीं विद्यार्थ्यास म्हटलें, “पिणें न पिणें मागाहून पाहूं. हें लेबल मात्र तपासलें पाहिजे.” त्याला तेंच हवें होतें.

ज्या वाचकांना या वस्तूची घडण ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द सांगतों. सातूचे दाणे भिजवून त्यांस मोड आणावयाचे, ते भट्टींत वाळवावयाचे, भरडून ऊन पाण्यांत कालवावयाचे व त्यांतून उतरलेलें गोड पाणी हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचें. तें निवल्यावर त्यांत यीस्ट घातलें म्हणजे साखरेचा मद्यार्क होतो. हॉपच्या फुलांत कडवटपणा असतो व नासणें लांबविण्याचा गुणहि असतो. आतां बिअरचा रंग ठरतो तो मोड आलेले दाणे वाळविण्याच्या रीतीवर. पूर्वीं लांकडाच्या धगीवर ते तपकिरी होत व त्यांस धुराचा वास लागे. सतराव्या शतकांत दगडी कोळशापासून केलेला कोक इंग्लंडांत या कामीं येऊं लागला, तेव्हां मंद व निर्धूर आंचेवर फिकट दाणे मिळूं लागले. त्या दाण्यांची ती पेल एल. म्हणजे ही बिअर हॉजसनच्या पुष्कळ आधींची आहे.

जॉर्ज हॉजसन यानें पूर्व लंडनांत, ली नदीच्या कांठीं बो या ठिकाणीं, १७५२ सालीं आपला कारखाना सुरू केला. तो फार मोठा कारखानदार नव्हता. त्याचें भाग्य इतकेंच कीं, ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें नांगरत तें ब्लॅकवॉल तेथून जवळ होतें. या जहाजांच्या कप्तानांस स्वतःचा कांहीं खासगी माल नेण्याची मुभा असे. इंग्लंडाहून हिंदुस्थानाकडे जातांना जहाजें पुष्कळशीं रिकामीं असत, त्यामुळें भाडें स्वस्त. हॅम, चीज, टोप्या, कांचसामान, आणि त्याबरोबर बिअरचीं पिंपें, असा माल कप्तान घेऊन येत व कलकत्ता, मद्रास, मुंबई येथें विकत. हॉजसन त्यांना दीड दीड वर्षाच्या उधारीवर माल देई. जवळचा दुकानदार आणि लांबची उधारी! व्यापाराचें यापेक्षां मोठें रहस्य शोधण्याचें कारण नाहीं. उष्ण देशांत बिअर पाठवावयाची तर हॉप जास्त घालावे, हा उपदेश १७६० च्या सुमारासच इंग्लंडांतील कारखानदारांना केला जात होता. तो शोध कोणा एकाचा नव्हे. शिवाय पोर्टर नांवाची काळी बिअरहि त्याच जहाजांतून त्याच समुद्रावरून येत असे आणि पिण्यायोग्य राहत असे. मार्टिन कॉर्नेल या इंग्रज इतिहासकारानें जुनीं वृत्तपत्रें व दप्तरें चाळून हें सारें उघड केलें आहे. तरी लेबलें छापणारांपर्यंत तें पोंचलेलें दिसत नाहीं.

एक गोष्ट मात्र खरी. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिने डुचमळत, विषुववृत्त दोनदां ओलांडून ही बिअर जेव्हां बंदराला लागे, तेव्हां ती नुसती टिकलेली नसे, तर मुरलेली असे. इंग्लंडांतील थंड तळघरांत जें मुरणें व्हावयास दोन वर्षें लागत, तें जहाजाच्या उबदार पोटांत अर्ध्या वर्षांत होई. म्हणजे या पेयाची कीर्ति झाली ती कोणाच्या कल्पकतेनें नव्हे, तर वाटेनें केली. आपल्याकडील मुरांब्याच्या बरणीला जें ऊन करतें तें या पिंपांना समुद्रानें केलें.

पुढें हॉजसनच्या वंशजाला लोभ सुटला. १८२१ च्या सुमारास कारखान्याच्या नव्या मालकांनीं कप्तानांना बाजूस सारून स्वतःच माल पाठविण्यास आरंभ केला, उधारी बंद केली व किंमत चढविली. कंपनीचे लोक चिडले. कँपबेल मार्जोरीबँक्स नांवाच्या एका डायरेक्टरानें बर्टन गांवच्या सॅम्युअल ऑलसॉप या कारखानदारास गांठलें. बर्टनचा जुना व्यापार रशियाशीं. तो नेपोलियनच्या युद्धांनीं व नंतरच्या जकातींनीं बुडालेला. ऑलसॉपला नवें गिऱ्हाईक हवेंच होतें. त्यानें हॉजसनच्या बिअरचा नमुना आपल्या जॉब गुडहेड नांवाच्या माणसापुढें ठेविला, आणि त्यानें तशी बिअर पहिल्यानें एका चहाच्या किटलींत करून पाहिली अशी गोष्ट सांगतात. किटली खरी असो वा नसो, बर्टनच्या विहिरींचें पाणी खरें होतें. त्यांत जिप्सम फार. त्या पाण्यांत हॉपचा कडवटपणा स्वच्छ उमटे व बिअर निवळ होई. १८२० नंतरच्या दशकांत ऑलसॉप व त्याच्यामागून बास यांनीं हॉजसनचा बाजार काबीज केला. हीच तीं वर्षें कीं, पेशवाई बुडून नाशिकवर कंपनीचा अंमल नुकता बसत होता.

आतां नांवाविषयीं. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द छापलेले आजवर सर्वांत जुने सांपडले आहेत ते इंग्लंडांत नव्हेत व हिंदुस्थानांतहि नव्हेत. ते आहेत १८२९ सालच्या सिडनीच्या एका वृत्तपत्रांतील जाहिरातींत. इकडचे इंग्रज तिला नुसती पेल एल म्हणत, किंवा हॉजसनची बिअर म्हणत. येथें राहून ‘इंडिया’ म्हणण्याचें त्यांस कारण काय? हिंदुस्थानचें नांव लागलें तें दुसऱ्या ठिकाणच्या गिऱ्हाइकांसाठीं: हिंदुस्थानांतले साहेब जी पितात ती ही, एवढें सुचविण्याकरितां. आपल्या देशाचें नांव त्या बाटलीवर आहे तें असें आहे. तींत सातू आपला नव्हता, हॉप आपले नव्हते, पाणी आपलें नव्हतें व पिणाराहि आपला नव्हता. मीं हें बोलून दाखवितांच माझ्या विद्यार्थ्याचें तोंड थोडें उतरलें.

पिणारा गोरा म्हटला तरी तोहि कोणता, हें पाहिलें पाहिजे. पेल एल हें अधिकाऱ्यांचें, मुलकी साहेबांचें व व्यापाऱ्यांचें पेय. सामान्य गोऱ्या शिपायाच्या वांट्याला काळी पोर्टर येई, आणि ती नसली म्हणजे येथल्याच अर्काची दारू. कंपनीनें आपल्या पलटणींसाठीं पोर्टरच मागविलेली आहे, आणि तीहि थोडीथोडकी नव्हे. ज्या देवळालींत आम्ही बसलों होतों तेथें तर या भेदाची आठवण सहज होते. अधिकाऱ्यांच्या जुन्या बंगल्यांच्या खोल पडव्या आणि शिपायांच्या लांबच लांब बराकी, या दोन प्रकारच्या बांधणींतच अर्धा इतिहास लिहिलेला आहे.

देवळालीची ही छावणी १८६१ सालची. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी वर आली आणि मुंबई बंदराशीं तिचा थेट संबंध जुळला. विलायतेहून नवीन आलेले शिपाई येथें उतरावयाचे व येथून निरनिराळ्या पलटणींत जावयाचे; आणि ज्यांची मुदत भरली ते देशोदेशींच्या छावण्यांतून येथें येऊन घरीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसावयाचे. परंतु फौजेचीं जहाजें बारमास चालत नसत. त्यांचा हंगाम शरद ऋतूपासून वसंतापर्यंत. ज्याची मुदत ऐन उन्हाळ्याच्या तोंडीं संपली आणि शेवटचें जहाज चुकलें, त्याला नाशिकचा सारा उन्हाळा व सारा पावसाळा देवळालींत काढावा लागे. कवायत जवळजवळ नाहीं, काम नाहीं, घर दोन महासागरांपलीकडे. धूळ, हिंवताप, बाजारांतली दारू आणि रिकामे दिवस. पुष्कळांची डोकीं फिरत. कोणी मारामाऱ्या करी, कोणी चोरी करून तुरुंगांत जाई, कोणी नुसतें शून्यांत पाहत बसे. छावणींत वेड्यांचें इस्पितळहि होतें.

अशा माणसाविषयीं गोरे शिपाई म्हणत कीं त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला. डूलॅली म्हणजे आमची देवळाली. आणि टॅप म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला ताप! मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. इंग्रजी कोशकारांना मात्र त्याची व्युत्पत्ति सांगावी लागते. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या एका साध्या शिपायानें १९३६ सालीं आपल्या हिंदुस्थानांतील नोकरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. तो या शतकारंभाच्या मागच्या शतकारंभीं, म्हणजे १९०२ ते १९०९ या काळांत, येथें होता. या म्हणीचें मूळ त्यानें त्या छावणींतील कंटाळ्यांत शोधलें आहे. मला त्याचें म्हणणें पटतें. पुढें ताप गळून पडला व नुसतें ‘डूलॅली’ राहिलें. आज इंग्लंडांत एखाद्याचें डोकें फिरलें म्हणजे त्याला डूलॅली म्हणतात, आणि म्हणणारांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असतें कीं तें नाशिकजवळचें एक गांव आहे. ज्या नांवांत आपल्याला देऊळ दिसतें त्यांत त्यांना वेड ऐकूं येतें. आणि गंमत अशी कीं, याच देवळालीला मुंबईचे लोक पिढ्यानपिढ्या हवा पालटण्यासाठीं येत आले; पारशी, गुजराती मंडळींचीं आरोग्यभुवनें येथें रांगेनें उभीं राहिलीं. हवा तीच. फरक इतकाच कीं, यांना परत जाण्याची मुभा होती.

या तापाचा आणि पेल एलचा संबंध मीं ओढून आणला आहे असें वाचकांस वाटेल, म्हणून सांगतों. दोन्हींच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घर. साहेबाला घरची आठवण येई तेव्हां त्याच्यासाठीं घरचें पाणी पिंपांत भरून पंधरा हजार मैलांच्या वळशानें आणलें जाई. शिपायाला आठवण येई तेव्हां त्याच्यासाठीं हा माळ होता.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला, प्रवास आठवड्यांवर आला. पुढें बर्फाचीं यंत्रें निघालीं. मग येथेंच बिअर कां करूं नये असा विचार होणें साहजिक होतें. कसौलीस एडवर्ड डायर यानें कारखाना काढलेला होताच. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानें ज्याचें नांव काळें झालें त्या जनरल डायरचा हा बाप. पुढें १८८७ सालीं मीकिन या गृहस्थानें डायरचे कसौली व सिमला येथील कारखाने घेतले आणि राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग येथें व आपल्या पुण्याजवळच्या खडकीस नवे काढले. हीं गांवें पाहिलीं म्हणजे ध्यानांत येईल कीं, जेथें थंडी तेथें बिअर हा नियम. खडकी तेवढी त्याला अपवाद, कारण तेथें थंडी नसली तरी पलटण होती.

येथवर आलों आणि मला आजोबांची आठवण झाली. खरें म्हणजे ती आरंभापासूनच मनांत होती.

महाराष्ट्रांत मद्याविरुद्ध बोलणारे लोक साहेबाच्या पेल एलविरुद्ध बोलत नव्हते. १८८० सालीं पुण्यांत दारूचीं नवीं दुकानें निघूं लागलीं तेव्हां जोतीराव फुले यांनीं नगरपालिकेस पत्र लिहून हरकत घेतली. त्यांच्या डोळ्यांपुढें गरिबाचें घर होतें. १९०८ सालीं टिळकांच्या अनुयायांनीं पुण्याच्या गुत्त्यांपुढें पहारे बसविले. तेथें सरकारच्या अबकारी उत्पन्नाचाहि प्रश्न होता. १९१९ सालीं गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें आणि सुधाकर वकिलाच्या रूपानें तो प्याला आमच्या पांढरपेशा घराच्या माजघरांत येऊन पोंचला. तळीराम हें विशेषनाम पाहतां पाहतां सामान्यनाम झालें. माझ्या आजोबांच्या पिढीचें मन या तिन्ही गोष्टींनीं घडलेलें होतें. त्यांत ढोंग नव्हतें हें मी छातीवर हात ठेवून सांगेन.

परंतु आजोबा ज्या दुकानापुढें बसले तें दुकान देशी दारूचें होतें. तेथें येणारे लोक हमाल, मजूर, मोसमांत शहरांत कामाला येणारे डोंगरांतले आदिवासी. वडील सांगत कीं, ते लोक आजोबांना ‘मास्तर’ म्हणून हात जोडीत, मागें फिरत आणि गल्लींतून वळसा घालून मागच्या दाराशीं जात. देवळालीच्या कँटोन्मेंटांत विलायती मालाचीं दुकानें होतीं; तेथें आजोबा कधीं बसले नाहींत. लहानपणीं मीं वडिलांना याचें कारण विचारलें होतें. ते म्हणाले, “तिथं आपले लोक नव्हते.” हें उत्तर मला त्या वेळीं पुरेसें वाटलें होतें.

आज तें तितकें पुरेसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण अबकारीचा इतिहास. पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूच्या डोंगरांत चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें गळतात. तीं वेंचून, वाळवून, घरच्या भट्टीवर दारू काढणें हा तेथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांच्या संसाराचा भाग होता. लग्न, मर्तिक, देव यांत ती लागे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें घरच्या भट्ट्या बंद पाडून दारू सरकारी देखरेखीच्या मोठ्या भट्ट्यांतून काढावयाची व जबर कर बसवून मक्तेदाराच्या दुकानांतून विकावयाची असें धोरण आलें. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं नुसतीं मोहाचीं फुलें बाळगण्यावरहि कायद्यानें निर्बंध घातले. म्हणजे ज्या झाडाखालीं माणूस जन्मला त्याचें फूल घरांत सांपडलें तर तो गुन्हेगार. आणि त्याच सालीं देवळालीच्या मेसमध्यें बर्टनची बाटली फुटत होती ती सभ्यतेची खूण! आमचे आजोबा ज्या दुकानापुढें बसले तें या कायद्यानें उभें केलेलें दुकान होतें, आणि त्यांतून मिळणारा कर बंद पाडणें हा त्या चळवळीचा एक उद्देशहि होता. तेवढ्यापुरते ते योग्य जागींच बसले होते. परंतु मागच्या दारानें जाणाऱ्या माणसाची घरची भट्टी कोणी मोडली, हें त्यांच्या व्याख्यानांत कधीं आलें असेल असें मला वाटत नाहीं.

आणि दारू सोडावयास आदिवासींना शहरच्या मास्तरांनीं शिकविलें असेंहि नाहीं. १९२२ सालीं ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून देवीची एक लाट उठली. माणसांच्या अंगांत देवी येई व ती सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या मक्तेदाराकडे कामाला जाऊं नका. डोंगराडोंगरांतून ही लाट नाशिकला लागून असलेल्या डांगांत व तेथून सुरत जिल्ह्यांत पसरली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानें १९८७ सालीं तिच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. माझ्या आजोबांच्या पिकेटिंगच्या आठ वर्षें आधीं, कोणतीहि सभा न भरवितां, हजारों माणसांनीं पेला उपडा केला होता. आमच्या घरांत याचा उल्लेख मीं कधीं ऐकला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई यांच्या पुढाकारानें मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला व पुढल्या वर्षीं संपूर्ण दारूबंदी आली. योगायोग असा कीं, त्याच १९४९ सालीं मीकिनचे कारखाने नरेंद्रनाथ मोहन यांच्या म्हणजे हिंदी माणसाच्या हातीं आले. १९५१ सालीं बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेविला. पुढें बंधनें सैल झालीं. परंतु तो कायदा मेलेला नाहीं. आजहि महाराष्ट्रांत मद्य पिणारानें परवाना जवळ बाळगावा अशी तरतूद आहे, आणि बिअरपुरती वयाची अट एकवीस वर्षांची आहे. माझ्या विद्यार्थ्यानें माझ्या नांवाचा एक दिवसाचा परवाना आधींच आणून ठेविला होता हें कळल्यावर मला हसूं आवरेना. दरम्यान न्यायमूर्ति रानड्यांचें जन्मगांव जें निफाड त्या तालुक्यांत द्राक्षांचे मळे पसरले, सन २००० पासून नाशिकची वाइन बाजारांत आली, आणि जिल्ह्याची ओळखच पालटली. तो विषय वेगळा आहे.

बिअरची जुनी गोष्ट पुन्हां सुरू झाली ती पुण्यांत. २००९ सालीं तेथें कांहीं तरुणांनीं, जागच्या जागीं थोडीथोडी बिअर तयार करून तेथेंच विकणारी एक शाळा काढली, आणि तिला नांव दिलें ‘डूलॅली’. शिपायांच्या तोंडीं बिघडलेली आमची देवळाली दीडशें वर्षांनीं घाट न उतरतां परत आली, ती एका पाटीवर. त्या मागून महाराष्ट्रांत असे लहान कारखाने बरेच निघाले आहेत.

एवढें सारें बोलून होईपर्यंत पेल्यावरचा फेस बसला होता. मीं पेला उचलला. शपथ मोडली कीं नाहीं याचा हिशेब मीं केला नाहीं. कारण ती शपथ माझी नव्हती, आणि ज्यांची होती त्यांच्याशीं मी तासभर मनांतल्या मनांत वाद घालून चुकलों होतों.

रंग जुन्या तांब्याचा, मधासारखा. वास आला तो पपनसाच्या सालीचा, अगदीं पपनस सोलतांना बोटांना येतो तसा. पहिला घोट किंचित् गोड लागला, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूस कडवटपणा चढत गेला. कारल्यासारखा नव्हे, मेथीच्या भाजीच्या शेवटच्या घासासारखा, रेंगाळणारा. मला तो वाईट वाटला नाहीं. आवडला असेंहि म्हणवत नाहीं. अर्धा पेला प्यालों.

पपनसाचा तो वास मात्र मला इतिहासाकडे पुन्हां घेऊन गेला. हॉजसनच्या बिअरला तो वास असणें शक्य नव्हतें. इंग्लंडच्या हॉपना तो नाहीं. तो वास अमेरिकेंतील नव्या जातींचा; त्यांतली ‘कॅस्केड’ नांवाची जात १९७२ सालीं प्रसृत झाली, आणि तिच्या जोरावर १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील लहान कारखानदारांनीं पेल एलला दुसरा जन्म दिला. इंग्लंडांत तोंवर ही बिअर पातळ होत होत जवळजवळ नामशेष झाली होती. शिवाय समुद्रांतलें तें मुरणें आतां कोठून येणार? आजची ही बिअर ताजीच प्यावी, दोन महिन्यांत तिचा वास उडतो, असें विद्यार्थ्यानेंच सांगितलें. तेव्हां माझ्या पुढ्यांत होती ती वस्तु अमेरिकेची, पाणी पुण्याचें, नांव इंग्रजांनीं सिडनीला छापलेलें, आणि लेबलावर हॉजसनची गोष्ट.

“मग सर, यांत आपलें कांहींच नाहीं?” विद्यार्थ्यानें विचारलें.

मीं म्हटलें, “करणारे हात आहेत कीं. तेवढें लेबलावर लिहावयास सांग, आणि हॉजसनला काढून टाक.” त्यानें कागद पुढें केला, मीं तेथेंच चार ओळी लिहून दिल्या. कारखानदार त्या छापील असा मला भरंवसा नाहीं.

घरीं आलों तों आई जागी होती. ती आतां ऐंशींच्या पुढें आहे. सून म्हणून ती या घरांत आली तेव्हां आजोबा होते. मीं तिला सारें सांगितलें, लपविण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मामंजी एकदां म्हणाले होते, मोहाच्या फुलांची भाकरी त्यांनीं खाल्ली होती. दुष्काळांत. गोड असते म्हणे.” एवढें बोलून तिनें दिवा मालवावयास सांगितला.